पहिला डिजिटल पियानो घेताना: पट्ट्यांविषयी पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी गोव्यात, फोंड्याला मुलांना पियानो शिकवते. दर जून महिन्यात नवी मुलं येतात आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न जवळजवळ तेच असतात. फोनवर घाईत उत्तर दिलं की अर्धं राहून जातं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे. माझा भर पट्ट्यांवर आहे, म्हणजे कीजवर. मूल रोज अर्धा तास ज्याला हात लावणार आहे ती वस्तू तीच आहे.

कीबोर्ड आणि डिजिटल पियानो यांत फरक काय? दिसायला तर सारखेच दिसतात.

फरक पट्टीच्या खाली असतो. साध्या कीबोर्डच्या पट्टीखाली स्प्रिंग किंवा रबर असतं. बोट ठेवलं की पट्टी चटकन खाली जाते आणि सोडली की स्प्रिंग तिला वर फेकते. डिजिटल पियानोत प्रत्येक पट्टीला आतून एक छोटा वजनदार दांडा जोडलेला असतो. पट्टी दाबली की तो दांडा उचलला जातो आणि सोडली की स्वतःच्या वजनाने परत येतो. बोटाला जे जड लागतं ते हे वजन. कीबोर्डमध्ये शंभर ताल, दोनशे वाद्यांचे आवाज, रंगीत दिवे असं पुष्कळ मिळतं. डिजिटल पियानोत त्या मानाने काहीच नसतं, आणि किंमत मात्र जास्त. पैसे त्या ८८ दांड्यांचे जातात.

'हॅमर ऍक्शन' म्हणजे नक्की काय?

खऱ्या पियानोत पट्टी ही तरफ असते. तिच्या एका टोकाला तुमचं बोट, दुसऱ्या टोकाला लाकडी हातोडी, आणि हातोडीच्या डोक्यावर दाबून बसवलेला लोकरीचा नमदा. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते, तेवढ्यात हातोडी तारेच्या दिशेने फेकली जाते, तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. ही युक्ती इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास जमवली. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार खेचून सोडली जायची, त्यामुळे बोट हळू पडो की जोरात, आवाजात फारसा फरक पडत नसे. पियानोत तो पडू लागला. हळू आणि मोठा असे दोन्ही आवाज त्यात निघतात, म्हणूनच त्याचं मूळ इटालियन नाव 'पियानो ए फोर्ते', हळू आणि मोठा, असं पडलं.

डिजिटल पियानोत तारा नाहीत. वजनाचा दांडा हलतो तो फक्त बोटाला खऱ्या पियानोसारखं लागावं म्हणून. आवाज ठरतो सेन्सरवर. पट्टीच्या प्रवासात दोन ठिकाणी संपर्कबिंदू असतात. पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये किती वेळ गेला ते यंत्र मोजतं आणि त्यावरून पट्टी किती वेगाने दाबली ते काढतं. १९८३ पासून चालत आलेल्या मिडी या, इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याच्या पद्धतीत या वेगाला १ ते १२७ असा आकडा मिळतो. म्हणजे तुमचं मूल किती ताकदीने दाबतं याला महत्त्व नाही, किती वेगाने दाबतं याला आहे. पहिल्या महिन्यात हे कळलं तर पुढची दोन वर्षं खांदे आखडून बसण्यात जात नाहीत.

'ग्रेडेड' किंवा 'स्केल्ड' हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ डावीकडच्या, खालच्या सुरांच्या पट्ट्या थोड्या जड आणि उजवीकडच्या हलक्या. खऱ्या पियानोत खालच्या सुरांच्या हातोड्या मोठ्या असतात, त्याची ही नक्कल.

खोक्यावर 'टच सेन्सिटिव्ह', 'सेमी वेटेड', 'पियानो स्टाइल' असं लिहिलेलं असतं. ते चालेल का?

'टच सेन्सिटिव्ह' म्हणजे वेग मोजला जातो एवढंच. पट्टी जड आहे असं त्यातून ठरत नाही. 'सेमी वेटेड' म्हणजे स्प्रिंगच, थोडी घट्ट. 'पियानो स्टाइल' म्हणजे पट्टीचा आकार पियानोसारखा. तुम्हाला हवे असलेले शब्द 'हॅमर ऍक्शन' किंवा 'फुली वेटेड'.

हे मी ताकदीने सांगते, कारण माझ्या बाबतीत घडलं आहे. मी दहा वर्षांची असताना बाबांनी मोठ्या हौसेने ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणला. दुकानदाराने 'पियानोसारखाच टच' असं सांगितलं होतं. त्यावर दोन वर्षं घासून सराव केला आणि परीक्षेच्या दिवशी समोर आला तो काळा, उभा, खरा पियानो. पहिल्या ओळीतले निम्मे सूर वाजलेच नाहीत. बोटं पट्ट्यांवरून जात होती, पण पट्ट्या पुरत्या खाली जात नव्हत्या. परीक्षक बाई फार प्रेमाने म्हणाल्या की घाई नको, पुन्हा सुरू कर. पुन्हाही तेच झालं. परतीच्या कदंब बसमध्ये बाबा माझा हात धरून बसले होते आणि काही बोलले नाहीत. त्यांनी त्या कीबोर्डसाठी किती महिने पैसे साठवले होते ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडे भजनाची पेटी आहे. मुलगी तीवर छान वाजवते. त्याचा पियानोला उपयोग होईल ना?

होईल, पुष्कळ होईल. पट्ट्यांची रचना तीच आहे. पांढरी एक, काळी दोन ही ओळख पक्की असते, कान तयार असतो, ताल अंगात असतो. आपल्या गोव्यात पेटीची परंपरा मोठी आहे. पंडित तुळशीदास बोरकर बोरीचे, म्हणजे फोंड्याहून हाकेच्या अंतरावरचे. ज्या घरात दर गुरुवारी भजन होतं तिथलं मूल पियानोकडे आलं की सूर शिकवावा लागत नाही.

पण दोन सवयी मोडाव्या लागतात आणि त्या पालकांना माहीत असाव्यात. पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. बोट कसंही ठेवलं तरी हवा जेवढी तेवढा आवाज. पियानोत भाता नाही, सगळं काम बोटाचं. पेटीवाल्या मुलांची बोटं सपाट, हलकी आणि पट्टीला चिकटून चालतात. पेटीवर ते सुंदरच दिसतं. पियानोवर त्याच बोटांतून सगळे सूर एकाच पातळीचे आणि कमी येतात. दुसरी सवय म्हणजे डावा हात. तो इतकी वर्षं भात्यावर होता, त्याला पट्ट्या ठाऊकच नाहीत.

अशा मुलांना पहिल्या दिवसापासून जड पट्ट्या मिळाल्या तर फार बरं. हलक्या कीबोर्डवर त्यांची पेटीची बोटं तशीच चालून जातात आणि चूक कुणालाच कळत नाही.

मुलगा सहा वर्षांचा आहे. जड पट्ट्यांनी बोटं दुखणार नाहीत का?

नाही दुखणार. पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम पुरतात, आणि मुलाच्या नुसत्या हाताचं वजन त्याहून कितीतरी जास्त असतं. बोटं दुखतात ती ताठ बसून ढकलल्यामुळे. पायाखाली पाट किंवा छोटा स्टूल द्या. पाय लोंबकळत असले की मूल पोटाने आणि खांद्याने तोल सांभाळतं आणि तो ताण थेट मनगटात उतरतो. मी क्लासमध्ये आमच्या आजीचा जेवणाचा पाट ठेवला आहे.

६१ पट्ट्या पुरतील की ८८ घ्यायच्या?

८८. सुरुवातीच्या धड्यांना ६१ पुरतात हे खरं आहे, पण ६१ पट्ट्यांत चांगली हॅमर ऍक्शन सहसा मिळत नाही. जागा लागते ती साधारण १३३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटरच्या आसपास खोल.

दुकानात गेल्यावर नक्की काय तपासायचं? आम्हाला कुणालाच वाजवता येत नाही.

वाजवता येत नसेल तरी तपासता येतं. पहिलं काम म्हणजे आवाज पूर्ण बंद करायला सांगा. दुकानदाराला विचित्र वाटेल, वाटू द्या. आवाज चालू असला की कान बोटांना फसवतात. घुमणारा गोड आवाज ऐकला की पट्टीही छान वाटायला लागते.

आवाज बंद करून एकच पट्टी घ्या, मधली. ती अगदी सावकाश, चार-पाच सेकंद घेत खाली न्या. हॅमर ऍक्शन असेल तर सुरुवातीला थोडा विरोध लागतो आणि मग पट्टी जात राहते. स्प्रिंग असेल तर खाली जाल तसतसा विरोध वाढत जातो, शेवटी जणू गादी दाबतोय असं वाटतं. आता पट्टी चटकन सोडा. वजनाची पट्टी वर येते आणि शांत बसते. स्प्रिंगची वर येऊन किंचित थरथरते.

मग तीच पट्टी मागच्या बाजूला दाबून पाहा, जिथे ती झाकणाखाली शिरते त्याच्या जवळ, दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये. ही चाचणी कुणी करत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची. पट्टी तरफ असल्यामुळे आतल्या टेकूपासून जितकं जवळ दाबाल तितका जोर लागतो. मोठ्या ग्रँड पियानोत पट्टी आत लांबवर जाते, त्यामुळे पुढे आणि मागे फार फरक पडत नाही. डिजिटलमध्ये, विशेषतः फार सडपातळ बनवलेल्या मॉडेलमध्ये, टेकू जवळ असतो आणि मागे दाबलं की पट्टी दगडासारखी लागते. पहिल्या सहा महिन्यांत हे जाणवणार नाही. पुढे काळ्या पट्ट्यांवर अंगठा जायला लागला की रोज जाणवेल.

त्यानंतर एका पट्टीला दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलकेच हलवा. थोडं हलणं ठीक, खडखडणं नाही. सगळ्यांत डावीकडची आणि सगळ्यांत उजवीकडची पट्टी एकापाठोपाठ दाबा, वजनातला फरक लागतो का पाहा. पट्टी तळाला लागते तिथे मऊ थांबते की टकटक करते ते ऐका. आवाज बंद असल्यामुळे ही टकटक स्पष्ट ऐकू येते. रात्री हेडफोन लावून मूल सराव करेल तेव्हा शेजारच्या खोलीत हाच आवाज जाणार आहे.

एवढं झाल्यावर आवाज चालू करा. मधल्या एका पट्टीवर जमेल तितका बारीक सूर काढा, मग त्याहून थोडा मोठा, मग अजून. हळू आणि मोठा यांच्या मधल्या किती पायऱ्या सहज निघतात ते बघा. नुसते दोनच आवाज निघत असतील, एक बारीक आणि एक दणदणीत, तर ते वाद्य ठेवून द्या.

नाणी ठेवून वजन मोजतात असं ऐकलं. ते कसं?

पियानोचे कारागीर पट्टीच्या पुढच्या कडेवर छोटी वजनं ठेवून मोजतात, त्याचाच हा घरगुती प्रकार. एक रुपयाची नाणी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ५० ग्रॅम होईपर्यंत ठेवा, मग त्यांची चळत करून सेलोटेपने घट्ट गुंडाळा. दहाचं नाणं घेऊ नका. ते पट्टीपेक्षा रुंद असतं, शेजारच्या पट्टीवर टेकतं आणि सगळी चाचणी फुकट जाते. ही चळत मधल्या पांढऱ्या पट्टीच्या अगदी पुढच्या कडेला ठेवा. नीट लावलेल्या खऱ्या पियानोची पट्टी मध्यभागी साधारण ५० ग्रॅमला सावकाश खाली जाते. डिजिटलमध्ये आणखी दोन-चार नाणी लागली तर काळजी नको. अर्ध्या नाण्यांतच पट्टी खाली गेली तर ती हलकी आहे.

मात्र नाण्यांनी फक्त वजन कळतं. घट्ट स्प्रिंगही ५० ग्रॅम मागू शकते. म्हणून सावकाश दाबण्याची चाचणी आधी आणि नाणी नंतर.

'एस्केपमेंट' आणि 'तीन सेन्सर' यांसाठी जास्त पैसे द्यावेत का?

ग्रँड पियानोची पट्टी हळू दाबली की तळाच्या जरा आधी बोटाला एक बारीकसा टप्पा लागतो. कढीपत्त्याची काडी अलगद मोडल्यासारखा. हातोडी तिथे पट्टीच्या पकडीतून सुटते, त्या जागेला एस्केपमेंट म्हणतात. १८२१ मध्ये सेबास्तियाँ एरार याने अशी सोय काढली की पट्टी पूर्ण वर न येताच तोच सूर पुन्हा वाजवता यावा. डिजिटलमध्ये तो टप्पा नुसता अनुभवासाठी घातलेला असतो. तिसरा सेन्सर मात्र खरं काम करतो. पट्टी अर्धी वर आली असताना पुन्हा दाबली तरी सूर येतो, त्यामुळे एकच सूर भरभर वाजवताना तो गळत नाही.

पहिल्या दोन वर्षांत मुलाला दोन्हींची गरज पडत नाही. बजेटमध्ये बसत असेल तर तिसऱ्या सेन्सरसाठी थोडे पैसे द्या, एस्केपमेंटच्या नावाखाली देऊ नका.

टीचर, सरळ मॉडेलचं नाव सांगा ना.

सांगते, पण हात लावूनच घ्या. यामाहाचा पी-१४५ हा २०२३ मध्ये जुन्या पी-४५ च्या जागी आला. ११ किलोच्या आसपास, आटोपशीर, पट्ट्या ग्रेडेड हॅमर पण वजनाने थोड्या सौम्य. कॅसिओचा सीडीपी-एस११० त्याहून किंचित हलका, आणि तो सहा पेन्सिल सेलवरही चालतो. वीज जाते त्या गावांत ही मोठी सोय आहे. रोलंडचा एफपी-१० थोडा जड, १२ किलोंच्या वर, पण त्यात तीन सेन्सर, एस्केपमेंट आणि हस्तिदंतासारखी किंचित खरखरीत पट्टी मिळते. घामट बोटं त्यावरून घसरत नाहीत, आपल्या एप्रिल-मे महिन्यांत याची किंमत कळते. कावाईचा ईएस१२० आणि कॉर्गचा बी२ हेही याच वर्गातले, दुकानात असतील तर जरूर पाहा.

निव्वळ पट्ट्यांवर निवडायचं तर या यादीत माझं मन एफपी-१० कडे जातं. त्याला स्पीकर आणि बटणं मोजकीच आहेत, पण बोटं तयार होतात. ज्यांच्या मुलांचे हात फार लहान आहेत किंवा वाद्य इकडून तिकडे न्यावं लागतं, त्यांना मी पी-१४५ सांगते. किंमती सतत बदलतात. पणजी, म्हापसा, मडगाव अशा दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि स्टँड, पेडल, ऍडॉप्टर धरून किती ते विचारा. नुसत्या वाद्याची किंमत ऐकून घरी गेलेले पालक बिल बघून दचकतात.

आवाजाचं काय? स्पीकर, पॉलिफनी वगैरे?

पॉलिफनी म्हणजे एका वेळी किती सूर घुमत राहू शकतात तो आकडा. सुरुवातीला ६४ पुरतात. स्पीकर बारीक वाटले तर हेडफोन लावा किंवा बाहेरचे स्पीकर जोडा. आणखी चांगला आवाज हवा असेल तर केबलने लॅपटॉप किंवा फोन जोडून पियानोचं सॉफ्टवेअर वाजवता येतं. आवाज नंतर बदलता येतो, पट्ट्या बदलता येत नाहीत. दोघांपैकी एकावरच पैसे घालणं शक्य असेल तर मी पट्ट्यांवर घालेन.

जुना, वापरलेला घ्यावा का?

घ्या, पण गोव्यात वापरलेल्या वाद्याची एक गोष्ट जरूर बघा. सेन्सरचे संपर्क रबराचे असतात आणि त्यांवर कार्बनचा थर असतो. दमट हवेत धूळ आत जाऊन तिथे चिकटली की एखादी पट्टी मुकी होते किंवा मध्येच एकटीच दणकन वाजते. म्हणून ८८ च्या ८८ पट्ट्या एकेक करून दाबा, आधी हळू आणि मग जोरात. दहा मिनिटं लागतात. विकणारा गप्पा मारत असेल तर मारू द्या, तुम्ही मोजत राहा. एखाद-दुसरी पट्टी अशी निघाली तर साफ करून घेता येते, तेवढी किंमत कमी करायला सांगा. सहा-सात निघाल्या तर निरोप घ्या. मूळ ऍडॉप्टर आहे का तेही विचारा.

भाऊ दुबईला असतो. तिकडून आणला तर?

विजेचा प्रश्न येत नाही, तिकडचं व्होल्टेज आपल्यासारखंच आहे. प्लगचा आकार फक्त बदलावा लागेल. अडचण दोन गोष्टींची. खोका दीड मीटरच्या घरात जातो, विमान कंपनी तो नेहमीच्या सामानात घेईलच असं नाही, भावाला आधी विचारून ठेवायला सांगा. आणि वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतलं तिथलीच असते. वाचणाऱ्या पैशांत हे बसतं का ते तुम्ही ठरवा.

आजोबांच्या ओळखीच्या घरात जुना खरा पियानो आहे. ते फुकट देतात. घ्यावा का?

मोह होतो, मला ठाऊक आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत उभे पियानो आहेत आणि त्यांतले काही अजून सुंदर वाजतात. पण दमट हवेत लाकूड फुगतं, नमदा ओलावा धरतो, पट्ट्या अडकतात, तारा गंजतात. हलवायला चार-सहा माणसं, मग ट्यूनिंग, मग दुरुस्ती. आधी जाणकार ट्यूनरला दाखवा. तो म्हणाला की तारा गुंडाळलेल्या पिन्स घट्ट आहेत आणि लाकूड फुटलेलं नाही, तर जरूर घ्या, त्यासारखं दुसरं काही नाही. नाहीतर मुलाच्या सरावासाठी डिजिटल घ्या. त्याला ट्यूनिंग लागत नाही.

पेडल कोणतं घ्यावं?

सोबत येणारं पेडल, म्हणजे सूर लांबवायला पायाने दाबायचं साधन, बहुधा छोटं चौकोनी बटण असतं. आपल्या गुळगुळीत टाइल्सवर ते सरकत सरकत भिंतीपर्यंत जातं आणि मूल खुर्चीवरून खाली उतरत त्याला शोधतं. जड बुडाचं, पियानोसारख्या लांब पात्याचं पेडल वेगळं मिळतं, ते घ्या. तोवर खाली जुन्या रबरी पायपुसण्याचा तुकडा ठेवा. आणि पियानो चालू करताना पेडलवर पाय नको. काही वाद्यांत तसं केलं की पेडल उलटं चालायला लागतं, पाय काढला की सूर लांबतात. हा फोन मला वर्षातून तीन-चारदा येतो. बंद करून पाय न लावता पुन्हा चालू केलं की ठीक होतं.

स्टँड हवाच का? जेवणाच्या टेबलावर ठेवला तर?

टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं, त्यावर वाद्याची उंची, म्हणजे हात छातीपाशी येतात. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून ७२-७३ सेंटिमीटरवर असावा, बसल्यावर कोपर त्याच पातळीवर. कात्रीसारखे एक्स स्टँड जोरात वाजवलं की डोलतात आणि मुलांचे गुडघे त्याला लागतात. चार पायांचा स्टँड घ्या, किंवा ओळखीच्या सुताराकडून साधी घडवंची करून घ्या. आमच्या क्लासमधली फणसाच्या लाकडाची आहे, गावच्या सुताराने दोन दिवसांत करून दिली. उंची सांगताना वाद्याच्या बुडापासून पट्टीपर्यंतचं अंतर वजा करायला विसरू नका.

पावसाळ्यात कसा सांभाळायचा?

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ज्या घरात चामड्याच्या चपलांवर आठवड्यात बुरशी येते तिथे पियानोच्या आतला नमदा आणि संपर्क कसे सुटतील? बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, त्या भिंती ओल धरतात. आतल्या भिंतीपाशी, हातभर जागा सोडून ठेवा. प्लास्टिकचं आवरण घालू नका, आत वाफ कोंडते. सुती चादर पुरते. चादरीखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. समुद्राजवळ राहत असाल तर खारी हवाही आहे, खिडकीसमोर नको. पट्ट्या किंचित ओल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरड्या करा, स्पिरिट नको. मुलाने पाव खाऊन सरळ पियानोवर बसू नये, मुंग्या पट्ट्यांच्या फटीतून आत जातात आणि मग पालही येते.

सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे रोज वाजवणं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत आठ-दहा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, पियानोवर माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सामानाच्या पिशव्या येतात. तेवढं टाळा. आरत्या संपल्या, मातीचं घुमट वाद्य खाली ठेवलं की मुलाला दहा मिनिटं बसू द्या.

वीज कडाडायला लागली तर?

प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या वादळांत हे रोजचं काम होतं. फोन किंवा लॅपटॉप केबलने जोडला असेल तर तीही काढा.

परीक्षेला डिजिटल चालतो का?

ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. फॉर्म भरताना कोणता निवडला ते तपासा, चुकीचा विषय भरलेला मी पाहिला आहे. वाद्याविषयीचे नियम त्या वर्षीच्या अभ्यासक्रमात छापलेले असतात, ते स्वतः वाचा. नियम काहीही असले तरी परीक्षेआधी महिनाभर मुलाला आठवड्यातून एकदा खऱ्या पियानोवर बसवा. टीचरकडे, ओळखीच्या घरी, चर्चच्या हॉलमध्ये, जिथे मिळेल तिथे. माझ्यासारखी वेळ कुणावर येऊ नये.

याच पियानोवर भजनाची साथ करता येईल का?

येईल. ट्रान्सपोज नावाची, सगळे सूर एकदम वर किंवा खाली सरकवायची सोय असते. गायक काळी पाचमध्ये गात असेल तर आकडा बदला आणि बोटं ओळखीच्या पट्ट्यांवरच ठेवा. मी माझ्या मोठ्या मुलांना मात्र हे बटण सरावात वापरू देत नाही, गाण्याच्या बाराही पट्ट्या, म्हणजे स्केल, हातात बसायला हव्यात. बुजुर्ग भजनी मंडळींसोबत बसायचं असेल तर पेटीच न्या. सूर लांबवत नेणं पेटीला जमतं. पियानोचा सूर वाजता क्षणीच विरायला लागतो.

घरी आणल्यावर पहिल्यांदा काय करायचं?

८८ पट्ट्या पुन्हा एकदा मोजून दाबा, हळू आणि जोरात, बिलावरची तारीख ताजी असतानाच. आवाजाची पातळी एका जागी ठरवा आणि तिथे बारीकशी खूण चिकटवा. मुलं आवाज वाढवून बोटं हलकी सोडतात, मग पट्ट्या जड असून उपयोग होत नाही. टच सेटिंग मधल्यावर राहू द्या. आणि खोका, आतल्या थर्माकोलसकट, माळ्यावर ठेवा. दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर तेवढ्या लांबीचा दुसरा खोका कुठेच मिळत नाही.